हलकी सायकल कीं दणकट सायकल?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस बरोबर घेऊन आमच्या घरीं आला. शाळेंत असतांना हा मुलगा दुधनीजवळच्या मळ्यांतून रोज सायकलीनें येत असे. हल्लीं तो पुण्यास नोकरीस असून, सुटीच्या दिवशीं मित्रांबरोबर सह्याद्रीच्या डोंगरवाटांनीं सायकल चालविण्याचा त्यास नाद लागला आहे. पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चाकांस स्प्रिंगा असलेली डोंगरी सायकल घेण्याचें त्याच्या मनांत होतें, आणि दोन सायकली त्यानें पाहून ठेविल्या होत्या. एक साडेबारा किलो वजनाची, हलकी. दुसरी साडेपंधरा किलोंची, दणकट. किंमत दोहींची जवळजवळ सारखीच. ह्यांपैकीं कोणती घ्यावी तें त्यास ठरवितां येईना. आणि मुळांत अशी सायकल घ्यावीच कशाला, हें त्याच्या वडिलांस उमजेना. "मास्तर, दोन लाखांची सायकल!" अप्पा म्हणाले. "तेवढ्यांत दोन मोटारसायकली दारांत उभ्या राहतील, आणि त्यांना पायडल मारावें लागत नाहीं."

तिसरा पक्ष मुलाच्या आईचा होता. गेल्या पावसाळ्यांत एका निसरड्या उतारावर पडून मुलाचें मनगट मोडलें होतें. तेव्हांपासून "घ्यायचीच तर दणकट घे, दोन किलो जास्त झाले तर काय बिघडतें?" असें ती माउली एकसारखी सांगत होती. पैसा मुलाच्या स्वतःच्या कष्टाचा होता, दीड वर्षाची शिल्लक होती. त्यामुळें अप्पांच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. परंतु मुलाच्या व त्याच्या आईच्या प्रश्नांत पदार्थविज्ञानाचा पुष्कळ भाग होता. त्या वेळीं जें बोलणें झालें तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों. कारण अलीकडे आमच्या शाळेच्या आवारांतही स्प्रिंगांच्या सायकली दिसूं लागल्या आहेत, आणि त्या विकत घेऊन देणाऱ्या पालकांस ती स्प्रिंग तेथें कशासाठीं आहे ह्याची बहुधा कल्पना नसते.

सायकल म्हटली म्हणजे ती दणकटच असावी, हा आपल्याकडील समज कांहीं निराधार नव्हे. अप्पांच्या तरुणपणची काळी सायकल डोळ्यांपुढें आणावी. अठ्ठावीस इंची चाकें, जाड पोलादी नळ्या, लोखंडी गजांचे ब्रेक, मागें रुंद कॅरिअर. वजन वीस किलोंहून अधिक. तिच्यावर दुधाच्या दोन किटल्या, कडब्याची पेंढी, प्रसंगीं आडत बाजारास न्यावयाचें तुरीचें पोतें, आणि पुढच्या दांडीवर एखादें मूल, असा सगळा संसार चाले. ओझें वाहणें हेंच जिचें काम, तिचें स्वतःचें वजन कोण मोजतो? इ. स. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि लोखंडी नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें बनविणारा पुढील मोठा कारखाना त्या लहानशा आरंभांतून वाढला. त्याच १८८८ सालीं आयर्लंडांतील बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हादरते, म्हणून त्यानें ही युक्ति काढिली होती. हवेचा टायर हीही सायकलीची एक स्प्रिंगच होय. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढें आम्हांस पुन्हां टायराकडेच यावें लागणार आहे.

दणकट सायकलीचा महिमा सांगावयाचा तर मुंबईच्या पारशी तरुणांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा जण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्च महिन्यांत परत आले. वाळवंटें, जंगलें व बिनवाटेचे मुलूख ओलांडणाऱ्या त्या माणसांस हलकी सायकल परवडली नसती. उलटपक्षीं नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधु १९१५ च्या नव्हे, अगदीं आजच्या काळांतले. २०१५ सालीं त्यांनीं अमेरिका खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत आळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत संपविली. तेथें रस्ता डांबरी, सामान मागून मोटारींत. अशा ठिकाणीं हलकेपणासच मान. म्हणजे प्रश्न सायकलीचा नसून वाटेचा आहे, असें आम्हीं मुलास प्रथमच सांगितलें. परंतु डोंगरवाटेची अडचण अशी कीं ती एकाच दिवसांत दोन्ही तऱ्हांची मागणी करिते: चढतांना हलकेपणाची, उतरतांना दणकटपणाची.

ही अडचण डोंगरी सायकलीच्या जन्माबरोबरच जन्मली आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मरीन म्हणून एक परगणा आहे. तेथें टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. तेथील कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली मोडीच्या भावानें घेत, आणि डोंगरावर नेऊन खडबडीत वाटेनें भरधाव खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं भरविलेली शर्यत 'रीपॅक' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. उतार इतका तीव्र कीं मागच्या हबांतील ब्रेक तापून आंतलें ग्रीस धूर होऊन निघून जाई, व खालीं आल्यावर तें पुन्हां भरावें लागे; 'पुन्हां भरणें' हाच त्या इंग्रजी नांवाचा अर्थ. त्या सायकली उतरण्यास उत्तम होत्या, पण चढण्यास अगदींच कुचकामी. त्या ढकलीत तरी न्याव्या लागत, नाहीं तर ट्रकांत घालून. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें ह्या कामासाठीं मुद्दाम नवी फ्रेम जोडली, १९७९ सालीं गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं अशा सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू केला, आणि १९८९ च्या सुमारास पुढच्या चिमट्यांत हवा व तेल असलेले शॉकअप बाजारांत आले. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलींच्या शर्यतीस स्थान मिळालें. आपल्या देशांतही २०२३ च्या ऑक्टोबरांत केरळांतील पोनमुडी येथें ह्या खेळाच्या आशियाई अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनीं ह्या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकें मिळविलीं आहेत. तेव्हां हा केवळ परदेशी श्रीमंतांचा खेळ आहे असें आतां म्हणतां यावयाचें नाहीं.

आतां स्प्रिंगेचें काम काय तें पाहूं. बसणाऱ्यास सुख व्हावें एवढ्यासाठीं ती असते, हा समज अपुरा आहे. तिचें मुख्य काम चाक जमिनीस चिकटवून ठेवणें हें आहे. दगडावरून गेलेलें चाक हवेंत उडालें, कीं तेवढा वेळ त्यास ना वळतां येतें, ना ब्रेक लागतो. स्प्रिंग असली म्हणजे दगड आला कीं चाक एकटेंच वर जातें, माणूस व फ्रेम जागच्या जागीं राहतात, आणि दगड संपतांच स्प्रिंग चाकास पुन्हां खालीं दाबते. परंतु नुसती स्प्रिंग ही अर्धीच वस्तु होय. दाबलेली स्प्रिंग सोडली तर ती उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. ही उसळी मारण्यासाठीं तिच्या जोडीला तेल लागतें. डॉक्टरांची एक रिकामी पिचकारी घेऊन, तिची सुई काढून टाकून, तींत गोडें तेल भरावें. दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो. जोरानें दाबूं गेल्यास तो हात अडवितो. बारीक भोकांतून तेलास घाईनें जातां येत नाहीं, म्हणून जितका वेग अधिक तितका विरोध अधिक. चांगल्या शॉकअपांत हेंच चालतें: स्प्रिंग धक्का झेलते, व तेल त्या धक्क्याची उष्णता करून टाकतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या हलक्या सायकलीचें चाक १२० मिलिमीटर वर-खालीं होऊं शकत होतें, दणकटीचें १६०. ह्यांतील पाव ते तिसरा हिस्सा हालचाल स्वाराच्या नुसत्या बसण्यानेंच खर्च होते, आणि ती व्हावीही लागते. खड्डा आला असतां चाकास खालीं जाण्यास जागा नको काय? चाळीस मिलिमीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. गुडघाभर उंचीच्या खडकावरून खालीं उतरतांना मात्र तो चांगलाच कळून येतो.

आतां वजन. येथें आम्हीं मुलास पाटीपेन्सिल घेऊन बसविलें, आणि वाचकांपैकीं वरच्या वर्गांतील मुलांनींही हें गणित करून पाहावें. स्वार ६५ किलोंचा, पाणी व हत्यारें अडीच किलो. हलक्या सायकलीसह एकूण ८० किलो, दणकटीसह ८३. पांचशें मीटर उंचीचा चढ आहे असें धरूं. वजन वर नेण्यास लागणारें कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार. पहिल्याचें उत्तर ३,९२,००० जूल येतें, दुसऱ्याचें ४,०६,७००. फरक पावणेचार टक्क्यांचा. हलक्या सायकलीनें जो चढ एका तासांत संपतो, तो तेवढ्याच जोरानें दणकट सायकलीवर संपविण्यास सव्वादोन मिनिटें अधिक लागतील. हें उत्तर पाहून मुलाचा चेहरा उतरला; कारण तीन किलोंसाठीं त्यानें तीन आठवडे झोप घालविली होती! सपाट रस्त्यावर तर, एकदां वेग आला म्हणजे, तीन किलोंचा फरक जवळजवळ जाणवतच नाहीं.

"पण सर, दुकानांत दोन्ही चालवून पाहिल्या. दणकट सायकल चिखलांतून ओढल्यासारखी वाटते," तो म्हणाला. त्याचें म्हणणें अगदीं खरें होतें, फक्त कारण वेगळें होतें. तो जडपणा मुख्यत्वें टायरांचा. हलक्या सायकलीचा टायर सातशें ग्रॅमांच्या आसपास, दणकटीचा अकराशें-साडेअकराशें; म्हणजे तीन किलोंच्या फरकांतला जवळजवळ एक किलो दोन टायरांतच होता. शिवाय चाकाच्या कडेचें वजन पुढें जातें आणि फिरतेंही. त्यामुळें वेग वाढवितांना कडेचा एक ग्रॅम फ्रेमच्या दोन ग्रॅमांइतकें काम मागतो. दणकट टायराचें रबर मऊ, गाठी उंच, भिंती जाड. तो फिरतांना प्रत्येक फेरींत दबतो, उलगडतो आणि स्वाराची शक्ति खातो. त्यांत लांब हालचालीचा मागचा शॉकअप प्रत्येक पायडलाबरोबर थोडा खालींवर होतो. ज्यास आपण 'वजन' म्हणतों त्यांतलें बरेंचसें वजन नसतेंच. टायर बदलले तर सायकलीचा अर्धा स्वभाव बदलतो, आणि टायर बदलण्यास दोन लाख रुपये लागत नाहींत.

जें बदलतां येत नाहीं तें फ्रेमचें माप. हलक्या सायकलीचा चिमटा जमिनीशीं साडेसदुसष्ट अंशांचा कोन करीत होता, दणकटीचा चौसष्ट अंशांचा. साडेतीन अंशांत काय मोठेंसें, असें वाटेल. परंतु त्यामुळें पुढचें चाक स्वाराच्या पुढें सुमारें चार सेंटिमीटर अधिक दूर जातें. तीव्र उतारावर माणसाचा भार पुढें झुकतो. तो पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपलीकडे गेला कीं स्वार हँडलावरून पालथा पडतो. ह्या मुलाचें मनगट असेंच मोडलें होतें. चाक पुढें असलें म्हणजे पालथें पडण्यास अधिक तीव्र उतार लागतो, आणि भरवेगांत हँडल सरळ राहण्याकडे ओढ घेतें. हा मोठा गुण खरा. पण तीच सायकल चढावर हळूहळू चालविली कीं तिचें पुढचें चाक भरकटूं लागतें, आणि अरुंद वळणांत ती बैलगाडीसारखी मोठा फेर मागते.

ब्रेकांसंबंधीं थोडें सांगितलें पाहिजे. वर जातांना जे चार लाख जूल खर्च झाले ते उतरतांना कोठें जातात? कांहीं हवेंत, कांहीं टायरांत, आणि बाकीचे ब्रेकांच्या पोलादी तबकड्यांत उष्णता होऊन. तेवढ्या उष्णतेनें साधारण सव्वा लिटर पाण्यास उकळी फुटेल. म्हणून दणकट सायकलीच्या तबकड्या मोठ्या असतात. हलक्या सायकलीसही मोठी तबकडी पुष्कळदां बसवितां येते. मात्र चिमटा किती मोठ्या तबकडीपर्यंत बसवूं देतो तें आधीं विचारावें.

मग आईचा प्रश्न: दणकट म्हणजे सुरक्षित कीं नाहीं? हलकी फ्रेम मोडकी नसते. ती दुसऱ्या कामासाठीं केलेली असते. अमेरिकेंतील एका मानकांत सायकलींचे उपयोगाप्रमाणें पांच वर्ग पाडलेले आहेत. तिसऱ्या वर्गांतील सायकल खडबडीत वाटांसाठीं व सुमारें साठ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठीं, चौथ्या वर्गांतील सायकल त्याच्या दुप्पट उंचीसाठीं. आमच्या विद्यार्थ्याच्या दोन सायकली ह्याच दोन वर्गांतल्या होत्या. सायकलीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत हा वर्ग, तसेंच स्वाराच्या वजनाची मर्यादा, छापलेली असते. परंतु पुस्तिका वाचण्याची आपल्याकडे चाल नाहीं. चार फुटांच्या खडकावरून उड्या टाकावयाच्या असतील तर तिसऱ्या वर्गाची सायकल घेणें हा मूर्खपणा होय. पण ज्यास तशा उड्या टाकावयाच्या नाहींत, त्यास चौथा वर्ग आपोआप अधिक सुरक्षित करीत नाहीं. उलट, खड्डे न जाणवल्यामुळें वेग वाढतो आणि पडण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दीडपट, तर शक्ति सव्वादोनपट! आम्हीं त्या मातोश्रींस निरोप दिला कीं, तुमचा पैसा तीन किलो धातूंत घालण्याऐवजीं चांगल्या शिरस्त्राणांत, गुडघ्यांच्या व कोपरांच्या पट्ट्यांत घाला. आणि मुलास उतारावर थांबण्यास शिकवा.

आतां आपला मुलूख. यूरोप-अमेरिकेंत बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठीं डोंगरांवर पाळणे बांधलेले असतात. उन्हाळ्यांत त्याच पाळण्यांत सायकली टांगून वर नेतात, कॅनडांतील व्हिसलर तर त्यासाठीं नांवाजलेलें आहे. तेथला स्वार दिवसभर नुसता उतरतो. त्यानें दणकट सायकल घेतली तर तिचें ओझें पाळण्यानें वाहिलें. आमच्या सह्याद्रींत पाळणा नाहीं. एक उतार पदरांत पाडून घेण्यासाठीं तास-दोन तास आपल्याच पायांनीं चढावें लागतें, आणि दगडी पायऱ्या आल्या म्हणजे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. खांद्यावर घेतलेल्या सायकलीचे तीन किलो पावणेचार टक्के नसतात. तेथें ते पुरे तीन किलो असतात. वेळ मोजला तर दिवसाचा बहुतेक भाग चढण्यांत जातो. ह्या एकाच कारणानें आमचें मत हलक्या सायकलीकडे झुकलें.

दुसरें कारण आमच्या गांवचें. मुलगा सुटींत ती सायकल दुधनीस आणणार, अक्कलकोटच्या रस्त्यानें व बोरी नदीच्या बाजूनें फिरणार. इकडे डोंगर नाहींत. मुरमाच्या वाटा, शेतांचे बांध आणि काळी माती. १६० मिलिमीटरांची स्प्रिंग येथें म्हणजे डबक्यांत होडी. खरें सांगावयाचें तर एवढ्यासाठीं मागची स्प्रिंगही नको, पुढची पुरे. आपली काळी माती पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीची. पहिल्या पावसानंतर ती टायरास चिकटते, त्यावर गवत चिकटतें, आणि दोनशें पावलांत चाक फ्रेममध्यें अडकून उभें राहतें. टायर जितका रुंद, फ्रेम व टायर यांमधील फट तितकी अरुंद. ह्यास तोड एकच, ती म्हणजे वाफसा येईपर्यंत शेतवाटेस न जाणें. आणि बाभूळ! बांधावरची देशी बाभूळ काय, ओढ्याकांठची वेडी बाभूळ काय, दोहींचे कांटे टायरास सारखेच. ट्यूब काढून टाकून टायरांत रबराच्या चिकासारखा पातळ द्रव भरतात. कांटा रुतला कीं तो द्रव भोकांत येऊन गोठतो व हवा थांबते. ही युक्ति आपल्या भागास फार उपयोगाची आहे. मात्र आमच्या उन्हाळ्यांत तो द्रव लवकर वाळतो, म्हणून एक-दोन महिन्यांनीं पाहून पुन्हां भरावा लागतो.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि ती विकत घेतांना कोणी बोलत नाहीं. चिमट्याच्या खालच्या नळ्या उघडून साफ करणें व तेल बदलणें हें काम साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर करावें, असें कारखानदार सांगतात. आमच्याकडील धूळ पाहतां त्याहून लवकर केलेलें बरें. मागच्या शॉकअपांत दीडशें ते दोनशें पौंडांची हवा लागते. मोटारीच्या टायरांत तीस-पस्तीस पौंड असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोपऱ्यावरच्या मिस्त्र्याचा पंप येथें कां चालत नाहीं तें कळेल. त्यासाठीं निराळा लहान पंप असतो. मागच्या सांध्यांत आठ-दहा छर्ऱ्यांच्या कड्या असतात, त्याही झिजतात. हा खर्च दोन्ही सायकलींस आहे. दणकटीस, तिचे धक्के मोठे म्हणून, थोडा अधिक.

पालकांसाठीं येथें एक वेगळी सूचना. आठ-दहा हजारांत दोन्ही बाजूंस स्प्रिंगा असलेल्या झगझगीत सायकली मिळतात, आणि सहावी-सातवींतील मुलें त्यांसाठीं हट्ट धरितात. अशा बहुतेक सायकलींत उघडी पोलादी स्प्रिंग असते, तेलाचें नांव नाहीं. पायडल मारावें तों सायकल घोड्यासारखी खालींवर होते, आणि शाळेपर्यंतच्या रस्त्यांत मुलाच्या शक्तीचा बराच वांटा ती स्प्रिंगच खाऊन टाकिते. वजन पाहावें तर अप्पांच्या काळ्या सायकलीशीं स्पर्धा करणारें. मागचे सांधे सैल झाले म्हणजे चाक डुलूं लागतें, व तें कोणाकडून नीट होत नाहीं. दुकानांत परीक्षा सोपी आहे: बैठक जोरानें दाबून एकदम सोडावी. ती सावकाश वर आली तर आंत तेल आहे. ताडकन् उसळली तर नुसती स्प्रिंग आहे. त्याच पैशांत विनास्प्रिंगेची, चांगल्या ब्रेकांची, साधी सायकल मुलास घेऊन द्यावी. ती हलकी, आणि खरें म्हणजे दणकटही.

आमच्या विद्यार्थ्यानें शेवटीं हलकी सायकल घेतली. टायर मात्र त्यानें आमच्या सांगण्यावरून बदलले: पुढें मऊ रबराचा, उंच गाठींचा, मागें जाड भिंतीचा, पण सपाट गाठींचा. पुढची तबकडीही मोठी बसविली. ह्या सर्वांनीं सातशें-आठशें ग्रॅम वजन वाढलें, म्हणजे दोन पक्षांतील तंट्याचा चौथा हिस्सा त्यानें दणकटपणास देऊन टाकला. शिरस्त्राण व गुडघ्यांच्या पट्ट्या आईनें आपल्या पैशांनीं घेतल्या.

संक्रांतीस तो ती सायकल रेल्वेनें दुधनीस घेऊन आला. स्टेशनावर अप्पा उतरवून घेण्यास गेले होते. त्यांनीं ती एका हातानें उचलून पाहिली, खालीं ठेवून बैठक दोनदां दाबली, ती सावकाश वर येतांना पाहिली, आणि "हलकी आहे खरी," असें म्हणाले. मग ते मागच्या बाजूस जाऊन बराच वेळ चाकाकडे निरखून पाहत राहिले आणि त्यांनीं मुलास विचारलें, "आणि कॅरिअर कोठें बसवायचें?"